घराबाहेरचा कॅमेरा घेण्याआधी इंटरनेटची वायर काढून बघा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई-वडील सांगलीत विश्रामबागला दोघंच राहतात, तुम्ही पुण्यात. घरी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, पोर्चचे दिवे आणि टाकीची मोटर त्यावर चालते. गेटवरचा वायफाय कॅमेरा मात्र कंपनीच्या ॲपशिवाय उघडत नाही. नेट गेलं की तो बंद, आणि जुनं रेकॉर्डिंग बघायचं तर महिन्याचे पैसे भरा. गल्लीतून एक गाडी चोरीला गेली त्या रात्रीचं नेमकं काहीच मिळालं नाही. आता क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरची, भानगड नको, घरातल्या घरात चालणारा आणि होम असिस्टंटला जोडता येणारा बाहेरचा कॅमेरा हवाय, तर कोणत्या कंपनीचा घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली-मिरजेत आणि वर कराड-साताऱ्यापर्यंत कॅमेऱ्यांची कामं सतरा-अठरा वर्षं करतोय. कंपन्यांची नावं पुढे देतोच. पण नुसतं नाव विचारून घेतलेला कॅमेरा फसलेला मी बऱ्याच घरी पाहिलाय, कारण एकाच कंपनीचा एक कॅमेरा घरातल्या घरात उत्तम चालतो आणि त्याच फळीवरचा, शेजारच्या खोक्यातला, अजिबात चालत नाही. म्हणून आधी तुम्हाला नक्की काय हवंय ते सुटं करून बघू. एक, नेट नसतानाही गेटवर माणूस आला की पोर्चचा दिवा लागायला हवा. दोन, रेकॉर्डिंग घरातच राहायला हवं. तीन, तुम्हाला पुण्यातून बघता यायला हवं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कॅमेऱ्यावर अवलंबून आहेत. तिसरी कॅमेऱ्याकडून मागूच नका, ती घरातल्या मशीनकडून घ्यायची. लोक तिसरीसाठी कॅमेरा निवडतात आणि पहिल्या दोन गमावतात.

दुकानात 'लोकल' म्हटलं की मेमरी कार्डाची खाच दाखवतात. कार्ड असणं वेगळं आणि कॅमेरा तुमच्या ताब्यात असणं वेगळं. कार्डावरचं रेकॉर्डिंग बघायला जर ॲपच लागत असेल आणि ते ॲप आधी कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन मागत असेल, तर नेट गेल्यावर ते कार्ड तुमच्या काही कामाचं नाही. विचारायच्या गोष्टी दोन. पहिली आरटीएसपी, म्हणजे कॅमेरा घरच्या नेटवर्कवर थेट चित्र देतो का. दुसरी ऑनव्हिफ. हा वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी सुरू केलेला मानक आहे. त्यात प्रोफाइल एस म्हणजे चित्र मिळतं. प्रोफाइल टी असेल तर एच.२६५ (चित्र कमी जागेत बसवायची पद्धत) आणि हालचालीची सूचनाही ठरलेल्या पद्धतीने मिळते. खोक्यावर 'टी' लिहिलेलं असेल तर चांगलंच.

पण खोक्यावर विसंबू नका. मी काय करतो ते सांगतो. ओळखीच्या दुकानात लॅपटॉप आणि चार पोर्टचा पीओई स्विच (लॅन केबलमधूनच वीज देणारा) घेऊन जातो आणि काउंटरवरच कॅमेरा जोडतो. पासवर्ड टाकून झाला की लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडून 'नेटवर्क स्ट्रीम'मध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता टाकतो. चित्र आलं की दुकानदार म्हणतो, झालं. झालेलं नसतं. मग स्विचमधून इंटरनेटची वायर काढतो, कॅमेऱ्याची पण वायर काढून परत घालतो आणि दोन मिनिटं थांबतो. नेटशिवाय चालू होऊन चित्र पुन्हा आलं, तरच तो कॅमेरा माझ्या कामाचा. चालू असलेलं चित्र नेट काढल्यावरही बऱ्याचदा टिकतं. खरी परीक्षा बंद करून पुन्हा चालू करण्यात आहे, कारण तुमच्याकडे लाईट आणि नेट दोन्ही एकदमच जाणार. दुकानदार हे करू देत नसेल तर निदान परत घेण्याचं बिलावर लिहून घ्या आणि घरी करा.

बॅटरीवर किंवा छोट्या सोलर पट्टीवर चालणारे कॅमेरे या परीक्षेत बहुतेक नापास होतात. बॅटरी वाचवायला ते झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात, त्यामुळे सतत चित्र देणं त्यांच्या रचनेतच नाही. जिथे वायर नेताच येत नाही तिथे त्यांचा उपयोग आहे. तुमच्या गेटसाठी नको.

आता वायर. वायफाय की वायर हे परिस्थितीवर आहे. भाड्याचं घर असेल, भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल, तर वायफायवर भागवावं लागतं. तुमचं स्वतःचं घर आहे, तेव्हा पीओई घ्या. एकाच लॅन केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते आणि चित्रही येतं. साध्या पीओईमध्ये, म्हणजे ८०२.३एएफमध्ये, स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो आणि कॅमेऱ्याच्या टोकाला सुमारे १३ वॅट हमखास पोचतात. गेटवरच्या साध्या कॅमेऱ्याला ते पुरतं. केबल १०० मीटरपर्यंत चालते. सगळ्यात मोठा फायदा असा की सगळ्या कॅमेऱ्यांची वीज एका ठिकाणाहून जाते, म्हणून तो एक स्विच इन्व्हर्टरवर घेतला की लाईट गेल्यावरही सगळं चालू राहतं. गेटजवळच्या प्लगला लावलेला अडॅप्टर भर पावसात किती टिकतो ते तुम्हाला माहीतच असेल.

केबल घेताना एक गोष्ट आवर्जून बघा. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने एक तार हलकी खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत द्या. त्या तारेचा अवरोध जास्त, म्हणून लांब अंतरावर वीज कमी पोचते. त्याचा त्रास दिवसा दिसत नाही. रात्री कॅमेऱ्याचे आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, दिवे लागतात, तो जास्त वीज ओढतो आणि दर काही मिनिटांनी बंद-चालू होत राहतो. माधवनगरच्या एका घरी मी असे दोन कॅमेरे बदलले, तिसरा आणला, मग लक्षात आलं की दोष केबलचा होता. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या आणि बाहेरच्या भागात ती पाइपातून न्या.

दुसरी जागा म्हणजे कॅमेऱ्याचं शेपूट. कॅमेऱ्याच्या मागून हातभर वायर निघते आणि तिच्या टोकाला केबलचा जोड असतो. कॅमेरा आयपी६६ किंवा आयपी६७, म्हणजे धूळ-पाण्यापासून सुरक्षित, असतो, पण तो जोड नसतो. आमच्या कामाला आलेल्या पावसाळ्यातल्या तक्रारींपैकी कितीतरी इथल्या असतात. जोड उघडला की सोनेरी पिनांवर हिरवा थर चढलेला, एखादी पिन खाऊन गेलेली. कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स लावून जोड त्यात ठेवा, कॅमेऱ्याबरोबर येणारी रबराची टोपी फेकून देऊ नका, आणि बॉक्समध्ये वायर खालून झोल देऊन घ्या, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाला टपकेल, आत जाणार नाही.

आणि वीज. एप्रिल-मेच्या वळवात आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. तासगावजवळ एका बागायतदाराच्या घरापासून बेदाणा शेडपर्यंत मी साधी लॅन केबल उघड्यावरून नेली होती. एका संध्याकाळी जवळच वीज पडली आणि दोन कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर आणि घरातला राऊटर असं सगळं एका झटक्यात गेलं. वीज थेट केबलवर पडावी लागत नाही. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये त्या क्षणी फरक पडतो आणि तांब्याची तार त्यांना जोडते. त्यानंतर एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल तर मी फायबरच टाकतो, दोन्ही टोकांना फायबर लॅन केबलला जोडणारा मीडिया कन्व्हर्टर. तुमच्याकडे गेटचा खांब घराला लागून असेल तर एवढं करायची गरज नाही, पण घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून मोजून घ्या.

लेन्सबद्दल बहुतेक लोक विचारतच नाहीत, आणि चोर ओळखू येत नाही तो इथेच. दुकानात २.८ मिलिमीटरची लेन्स हातात देतात कारण तिच्यात सगळं अंगण दिसतं. सगळं दिसतं, पण चेहरा दिसत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायला एका मीटरमध्ये २५० पिक्सेल असावेत असं मानक आहे. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे चित्रात दहा मीटर रुंदी मावेपर्यंतच चेहरा ओळखता येईल. २.८ची लेन्स साधारण १०० अंश बघते, तेव्हा ते अंतर भरतं चार मीटरच्या आसपास, चौदा फूट. ६ मिलिमीटरची लेन्स साधारण ५० अंश बघते, तिच्यात हेच अंतर अकरा मीटरवर जातं. म्हणून मी घराला दोन कॅमेरे सुचवतो: एक रुंद, अंगणात काय घडतंय ते सांगायला, दुसरा ६ मिलिमीटरचा, फक्त गेटमधून आत येणाऱ्याच्या तोंडावर. उंची आठ ते दहा फूट. पहिल्या मजल्यावरून लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या आणि टक्कल दिसतं, हे पोलीस ठाण्यात फुटेज बघताना कळून उपयोग नाही.

रात्रीसाठी मेगापिक्सेल वाढवत बसू नका. छोट्या सेन्सरवरच्या ८ मेगापिक्सेलपेक्षा मोठ्या सेन्सरवरचा ४ मेगापिक्सेल अंधारात स्वच्छ दिसतो. आणि किडे. आयआर दिव्याभोवती कोळी जाळं विणतो, पाली बसतात, आणि ते जाळं वाऱ्याने हललं की रात्रभर 'हालचाल, हालचाल' अशा सूचना येत राहतात. कॅमेऱ्याचा आयआर बंद करून दोन-तीन फूट बाजूला वेगळा आयआर दिवा लावला तर हा त्रास बराच कमी होतो. कॅमेरा पांढऱ्या भिंतीला किंवा पत्र्याच्या कडेला चिकटूनही नको, उजेड उलटा येऊन बाकी सगळं काळं पडतं.

आता तुमचं होम असिस्टंट. नुसती हालचाल पकडून दिवा लावला तर नारळाच्या झावळ्या, मांजर, रस्त्यावरच्या गाडीचा उजेड, सगळ्यांना दिवा लागेल आणि आठवड्यात बाबा ते बंद करायला सांगतील. माणूस ओळखून दिवा लावायचा तर दोन मार्ग आहेत. काही कॅमेऱ्यांना स्वतःलाच माणूस आणि गाडी ओळखता येते आणि ते ऑनव्हिफवरून किंवा होम असिस्टंटमधल्या स्वतःच्या इंटिग्रेशनमधून (जोडणीच्या सोयीतून) तसं कळवतात. किंवा फ्रिगेटसारखं मोफत सॉफ्टवेअर घरातल्या मशीनवर चालवायचं. एक-दोन कॅमेरे आणि त्यांची स्वतःची ओळख असेल तर तुमचा पाय ४ पुरेल. फ्रिगेट चालवायचं तर पायवर अट्टाहास करू नका, इंटेल एन१०० प्रोसेसरवाला छोटा पीसी घ्या. त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर ओपनव्हिनो (चित्रातलं ओळखायचं काम वेगाने करणारं सॉफ्टवेअर) चालतं आणि तीन-चार कॅमेरे आरामात पेलतो. त्यासाठी कॅमेऱ्यात दोन स्ट्रीम, म्हणजे चित्राचे दोन प्रवाह, असायला हव्यात: मोठी रेकॉर्डिंगला, छोटी ओळखायला. छोटी सेकंदाला पाच चित्रांवर ठेवली तरी माणूस सुटत नाही. छोटी स्ट्रीम एच.२६४ या जुन्या पद्धतीवर ठेवा, ब्राउझरमध्ये बघायला सोपं जातं.

रेकॉर्डिंगचा हिशेब असा. ४ एमबीपीएसची (सेकंदाला ४ मेगाबिट) एक स्ट्रीम दिवसाला सुमारे ४३ जीबी खाते. दोन कॅमेरे सतत चालले तर २ टीबीत तेवीस दिवस जमा राहतात. डिस्क मात्र सर्व्हेलन्ससाठी बनवलेली घ्या. हे मशीन कुठे ठेवायचं याबाबत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे. गावभागात एका घरी रेकॉर्डर मी तळमजल्यावर टीव्हीखालच्या कपाटात बसवला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. त्या घरात पाणी शिरलं आणि रेकॉर्डर, त्यातलं सगळं, गेलं. विश्रामबागला गावभागासारखी भीती नाही, तरी मशीन पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या माळ्यावर ठेवा. घरात शिरलेल्या माणसाला ते सहज दिसणार नाही, हाही फायदा.

तुम्ही ज्यासाठी हे सगळं करताय त्या मुद्द्यावर येतो. कॅमेऱ्यांचा स्विच राऊटरला जोडूच नका. दोन लॅन पोर्टचा छोटा पीसी घ्या, एका पोर्टला राऊटर, दुसऱ्याला कॅमेऱ्यांचा स्विच. मग कॅमेऱ्यात काहीही दोष असू दे, त्याला बाहेर जायला रस्ताच नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डर, ताब्यात घेतले ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते म्हणून. पासवर्ड बदला, क्यूआर कोडवाली पी२पी (कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणारी) आणि यूपीएनपी (राऊटरवर आपोआप पोर्ट उघडणारी) ही दोन्ही सेटिंग बंद करा. आणि बाहेरून बघायला राऊटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. होम असिस्टंटवर टेलस्केल किंवा वायरगार्ड (घराच्या नेटवर्कला बाहेरून सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) टाका. बऱ्याच फायबर कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तिथे टेलस्केल सोपं पडतं. पुण्यातून तुम्ही घराच्या मशीनला जोडाल, ते तुम्हाला चित्र देईल. कंपनीचा सर्व्हर मधे येत नाही.

नेट तोडलं की एक गोष्ट हमखास विसरली जाते: कॅमेऱ्याचं घड्याळ. त्याला वेळ नेटवरून मिळत होती, आता मिळत नाही, आणि काही महिन्यांत ते भरकटतं. छोट्या पीसीवर वेळेचा सर्व्हर चालू करा आणि कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता टाका. फुटेज पोलिसांना द्यायची वेळ आली तर वेळ चुकलेली असणं फार महागात पडतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्रही द्यावं लागतं, तेव्हा मूळ फाइल न कापता जपून ठेवा.

आता नावं. सीपी प्लस, हिकव्हिजन, दाहुआ यांच्या पीओई आयपी कॅमेऱ्यांत आरटीएसपी मिळतं. काहींत ऑनव्हिफ मुळात बंद असतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवायचा. लोक इथेच अडकतात आणि कॅमेरा खराब आहे म्हणतात. रिओलिंकचं होम असिस्टंटमधलं इंटिग्रेशन घरच्या नेटवर्कवरून चालतं आणि माणूस ओळखल्याची सूचनाही देतं. वायफायच घ्यावा लागला तर टापोच्या प्लगवर चालणाऱ्या बाहेरच्या कॅमेऱ्यात, जसा सी३२०डब्ल्यूएस, ॲपमध्ये 'कॅमेरा अकाउंट' तयार केलं की आरटीएसपी आणि ऑनव्हिफ मिळतं, ऑनव्हिफचा पोर्ट २०२०. पहिल्या वेळी ॲप आणि नेट मात्र लागतं. काहीही घ्या, पण ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या पार करून बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी घ्यावी लागते, तो नंबर बघून आणि पक्क्या बिलावर घ्या. त्या चाचणीने कॅमेरा नेटशिवाय चालतो असं सिद्ध होत नाही, त्यासाठी काउंटरवरची आपली परीक्षाच.

घरात आधीचा डीव्हीआर आणि कोॲक्स (केबल टीव्हीसारख्या गोल) वायरचे कॅमेरे कुठे असतील तर ते काढून टाकू नका. बरेच डीव्हीआर प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र आरटीएसपीवर देतात, ते तसंच होम असिस्टंटला जोडता येतं.

कॅमेरा लावून झाल्यावर शेजाऱ्यांची खिडकी किंवा अंगण चित्रात येतंय का ते बघा आणि सेटिंगमधल्या प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग झाका. त्यांना बोलावून पडद्यावर दाखवा. आई-वडिलांना रोज त्यांच्याच शेजारी राहायचंय. आणि पोर्चच्या दिव्याचं साधं बटण भिंतीवर तसंच चालू ठेवा, आईला मोबाइल शोधावा लागता कामा नये.

तुमच्या घरी मी काय करेन ते सांगतो: दोन पीओई कॅमेरे, एक २.८ आणि एक ६ मिलिमीटरचा, दोन्ही ४ मेगापिक्सेल. इन्व्हर्टरवर पीओई स्विच. माळ्यावर दोन लॅन पोर्टचा छोटा पीसी. पण ६ची लेन्स की ४ची, हे गेटपासून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंतचं अंतर कळल्याशिवाय ठरवता येणार नाही. बाबांना टेपने तेवढं मोजायला सांगा, आणि रात्री नऊनंतर पोर्चमध्ये उभं राहून गेटचा एक फोटो, दिवा बंद करून, काढायला सांगा. दोन्ही इथे टाका, मी बघून सांगतो.